लिंबाच्या झाडावरच्या तीन माद्या

कॉमन मॉर्मन हे काळं फुलपाखरू बघायला खानदेशात सातपुडा चढावा लागत नाही. परसात लिंबू, कढीपत्ता किंवा बेल यांपैकी एखादं झाड असलं की पावसाळ्यात आणि पुढं थंडीच्या सुरुवातीपर्यंत ते तिथं येतंच, कारण त्याच्या अळ्या याच कुळातल्या झाडांचा पाला खातात. नर ओळखायला सोपा. पंख काळे, मागच्या पंखांवर फिकट पिवळसर ठिपक्यांची आडवी ओळ आणि शेवटी छोटी शेपटी. मादीचं तसं नाही. एक मादी हुबेहूब नरासारखी असते. दुसरीच्या मागच्या पंखावर मधोमध पांढरा डाग आणि कडेला लाल कोरी. तिसरीच्या पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे आणि मागच्या पंखांवर लाल ठिपक्यांच्या ओळी. अभ्यासक या तिघींना अनुक्रमे सायरस, स्टिकियस आणि रोम्युलस म्हणतात.

दुसरी आणि तिसरी सोंग घेऊन फिरतात. स्टिकियस कॉमन रोझची नक्कल करते, रोम्युलस क्रिमझन रोझची. या दोन्ही रोझ फुलपाखरांच्या अळ्या ईश्वरीच्या कुळातल्या वनस्पती खातात. काळ्या कसदार जमिनीत बांधाच्या कडेला पसरणारी किडामार त्याच कुळातली. त्या पाल्यातली विषारी आम्लं अळीच्या अंगात साठतात आणि फुलपाखरातही उतरतात. एकदा चव घेतलेला पक्षी मग लाल-काळ्या पंखांच्या वाटेला जात नाही. मॉर्मनच्या अंगात असं विष नाही, नुसता वेष आहे. रोझ आणि नक्कल करणारी मॉर्मन यांतला फरक पंखांवर शोधत बसू नका, अंगावर बघा. रोझचं डोकं आणि पोट लाल असतं, मॉर्मनच्या तिन्ही माद्यांचं अंग काळंच राहतं.

एकाच जातीच्या माद्या अशा वेगवेगळ्या रूपांत असतात हे इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसनं १८६५ सालीच लिहून ठेवलं. खरा पेच पुढचा आहे. एकाच आईनं एकाच झाडावर घातलेल्या अंड्यांतून सायरस आणि स्टिकियस अशा दोन्ही लेकी निघतात, पण अर्धी सायरस-अर्धी स्टिकियस अशी मधली लेक निघत नाही. पांढरा डाग, लाल कोरी, नरासारखी ओळ पुसली जाणं, हे सगळं एकत्र येतं किंवा अजिबात येत नाही. इतक्या बाबी एकगठ्ठा कशा बदलतात?

आधी रंग कुठे असतो ते

फुलपाखराला हात लावल्यावर बोटाला लागते ती पूड म्हणजे खवले. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग घेऊन मेलेल्या फुलपाखराचा पंख उन्हात धरला, तर कौलांसारखे एकावर एक रचलेले खवले दिसतात. एक खवला म्हणजे एकाच पेशीचं काम, आणि सहसा एका खवल्यात एकच रंग. दुरून करडा दिसणारा भाग भिंगाखाली बघितला तर बहुतेक वेळा काळे आणि पांढरे खवले मिसळलेले असतात. त्यामुळे पंखावरची नक्षी समजून घ्यायची तर प्रश्न असा विचारावा लागतो: या जागेवरच्या पेशीनं कोणतं रंगद्रव्य करायचं हे तिला कोणी सांगितलं?

रंगद्रव्यांची यादी फार मोठी नाही. काळा आणि तपकिरी म्हणजे मेलॅनिन. त्याची सुरुवात टायरोसिन या साध्या अमिनो आम्लापासून होते. एक विकर त्याचं डोपा करतं, दुसरं डोपाचं डोपामिन करतं, आणि इथं वाट फुटते. 'यलो' हे प्रथिन आणि लॅकेज हे विकर कामाला लागलं तर पुढं काळा रंग तयार होतो. 'एबनी' हे विकर जोरात असलं तर डोपामिनला बीटा-अलानिन जोडलं जाऊन पिवळसर रंगाकडे नेणारा पदार्थ बनतो. तिसरं एक विकर डोपामिनला अशा रूपात नेतं की त्यातून रंगच उमटत नाही. गवतावरच्या पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांत टेरिन नावाची द्रव्यं असतात. पॅन्सीसारख्या फुलपाखरांचा विटकरी-तांबडा रंग ट्रिप्टोफॅनपासून बनणाऱ्या ओमोक्रोमचा. मॉर्मनच्या कुळाचं स्वतःचं खास द्रव्य आहे, पॅपिलिओक्रोम. नराच्या आणि सायरसच्या पंखावरची पिवळसर ओळ त्याचीच. पडिक जमिनीवर पंख पसरून बसणाऱ्या ब्लू पॅन्सीचा निळा मात्र कोणत्याच द्रव्याचा नाही. खवल्याच्या तळाशी असलेल्या पातळ पापुद्र्यावरून प्रकाश परावर्तित होताना तो उमटतो, आणि पापुद्र्याची जाडी बदलली की रंगही बदलतो.

इथं एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मिळत असेल तर अंधारात मेलेल्या नराच्या पंखावर धरा. पिवळसर ओळ चमकून उठते. स्टिकियस मादीचा पांढरा डाग तशी चमक देत नाही. आपल्या डोळ्यांना दोन्ही जागा 'पांढऱ्या'च, पण आतली रसायनं वेगळी आहेत. म्हणजे नक्कल करताना नुसता डाग सरकलेला नाही, डागातला मालही बदललाय. टॉर्च डोळ्यांवर किंवा चेहऱ्यावर मारू नये, चष्मा लावलेला बरा.

आता रंग बनवणारं एखादं विकरच बिघडलं तर काय होतं, हे रेशमाच्या किड्यांत फार जुन्या काळापासून दिसत आलंय. प्राण्यांत मेंडेलचे नियम लागू पडतात हे दाखवणाऱ्या पहिल्या काही कामांत तोयामा कामेतारो या जपानी शास्त्रज्ञाचं १९०६ चं काम येतं, आणि ते रेशीमकिड्यांवरच होतं. यलो जनुक निकामी झालं की अंड्यातून नुकतीच निघालेली अळी काळी न होता चॉकलेटी होते. त्या वाणाचं नावच चॉकलेट. एबनी गेलं की कोश काजळी धरल्यासारखा होतो. डोपामिनला रंगहीन वाटेनं नेणारं विकर गेलं की पांढरा पतंग काळवंडतो. या सगळ्या बिघाडांत एक साम्य आहे: जिथं जिथं ते विकर लागतं तिथं तिथं फरक पडतो. एका ठरावीक जागी डाग हवा आणि बाकी पंख तसाच राहावा, हे विकर मोडून साधत नाही.

केळीच्या बागेत एका मोटारीचं पाणी सगळ्या वाफ्यांना पुरतं. कोणत्या वाफ्याला कधी मिळणार ते वॉल्व्ह ठरवतो. रंगाचं तसंच आहे. विकरांची जनुकं सगळ्या फुलपाखरांत जवळपास तीच असतात. जातीजातीत आणि रूपारूपात बदलतात ते डीएनएमधले नियंत्रणाचे तुकडे, म्हणजे अमुक जनुक कुठल्या पेशीत, कधी आणि किती चालावं हे ठरवणारे. 'काळ्या रंगाचं जनुक सापडलं' अशा बातम्या येतात तेव्हा बहुतेक वेळा सापडलेला असतो वॉल्व्ह.

मॉर्मनचा वॉल्व्ह

कॉमन मॉर्मनच्या माद्यांचा वेष एकाच जागेवरून ठरतो हे पैदास करून फार पूर्वीच कळलं होतं. प्रत्येकीकडे या जागेच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. नक्कल करणारी प्रत प्रभावी, म्हणजे एकच असली तरी वेष चढतो; साधी प्रत अप्रभावी. पण इतकी सगळी वैशिष्ट्यं एकत्र फिरतात म्हणजे तिथं चार-पाच जनुकं शेजारी शेजारी घट्ट बांधलेली असणार, असा समज होता, आणि अशा गठ्ठ्याला 'महाजनुक' म्हणत. २०१४ साली जीवशास्त्रज्ञ कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की ती जागा म्हणजे मुख्यतः एकच जनुक आहे, डबलसेक्स. किड्यांमध्ये नर-मादी फरक घडवणारं हे जुनं, नेहमीचं जनुक. त्याचा आरएनए, म्हणजे जनुकावरून उतरवलेला संदेश, नरात एका तऱ्हेनं कापून जोडला जातो, मादीत दुसऱ्या तऱ्हेनं. मॉर्मननं त्याच जनुकाला आणखी एक काम लावलं.

नक्कल करणाऱ्या प्रतीत या जनुकाच्या भोवतालचा डीएनएचा सुमारे १ लाख ३० हजार अक्षरांचा तुकडा उलटा बसलेला आहे, हे पुढच्या वर्षी जपानी गटानं तपशिलात मांडलं. उलट्या तुकड्याचा परिणाम मोठा असतो. अंडी आणि शुक्रपेशी बनताना आईकडून आणि बापाकडून आलेली गुणसूत्रं एकमेकांशी तुकडे बदलतात. एक तुकडा सुलटा आणि दुसरा उलटा असला तर त्या भागात ही देवाणघेवाण जवळजवळ थांबते. मग नक्कल करणाऱ्या प्रतीत साठलेले छोटे छोटे बदल एकत्रच पुढं जातात. मधली, अर्धवट लेक निघत नाही ती यामुळे. जपानी गटानं कोशातल्या एका बाजूच्या पंखात या प्रतीचं काम बंद पाडून बघितलं. त्या बाजूचा पंख सायरससारखा झाला, दुसरा स्टिकियससारखाच राहिला.

नरातही ही प्रत असते, फक्त दिसत नाही. बापानं कोणती प्रत दिली हे त्याच्या पंखांवरून कळायला मार्ग नाही, ते लेकींवरूनच कळतं. आणि सगळ्याच माद्या नक्कल का करत नाहीत? नकली फुलपाखरं अस्सल रोझपेक्षा जास्त झाली तर पक्ष्याला लाल-काळं फुलपाखरू बऱ्याचदा चवदारच लागेल आणि सोंगाचा उपयोग संपेल. जिथं रोझ कमी, तिथं नक्कल महागात पडते.

लेकी मोजून बघायच्या तर

हा मेंडेलचा नियम घरच्या लिंबावर तपासता येतो. शाळेला प्रकल्प म्हणून उत्तम, पण काही जागा निसरड्या आहेत.

झाडावरून मिळतील त्या अळ्या गोळा केल्या तर त्या एकाच आईच्या असतील याची खात्री नसते. शिवाय लाइम बटरफ्लायच्या अळ्या त्याच झाडावर असतात आणि लहानपणी तशाच दिसतात. म्हणून सुरुवात मादीपासून करावी. तिचं रूप लिहून घ्यायचं. कुंडीतल्या लिंबावर किंवा कढीपत्त्यावर दोन-अडीच फूट उंचीची मच्छरदाणी ताणून तिला आत सोडायचं. सकाळचं ऊन मिळालं पाहिजे, सावलीत ती अंडी घालत नाही. एक चमचा साखर दहा चमचे पाण्यात विरघळवून कापसावर ठेवली की खाणं भागतं. अंडी फिकट पिवळी, गोल, सुमारे मिलिमीटरभर, कोवळ्या पानावर एकेक सुटी. पन्नासेक अंडी मिळाली की तिला सोडून द्यावं.

पन्नास का? निम्मे नर निघतील, काही मरतील, आणि किमान सोळा लेकी हाताशी हव्यात. हिशोब असा: नकली आईकडे एक नकली आणि एक साधी प्रत असेल आणि बापाकडे दोन्ही साध्या, तर निम्म्या लेकी नकली, निम्म्या सायरस. दोघांकडेही एकेक नकली प्रत असेल तर चारात तीन नकली. दोघांपैकी एकाकडेही दोन्ही प्रती नकली असतील तर सगळ्याच लेकी नकली. आता समजा आठ लेकी निघाल्या आणि आठही नकली. आई-बापाकडे एकेक साधी प्रत असूनही हे घडायची शक्यता दहा टक्के आहे, तेवढ्यावर निकाल देता येत नाही. सोळा लेकी सगळ्या नकली निघाल्या तर तीच शक्यता एक टक्क्यावर येते. आई सायरस असेल तर काम सोपं: तिच्याकडे दोन्ही प्रती साध्याच असणार, त्यामुळे लेकींमधलं प्रमाण थेट बापाबद्दल बोलतं. एक अडचण मात्र उरते. मादीचं मीलन एकाहून अधिक नरांशी झालेलं असू शकतं, आणि मग प्रमाण कुठल्याच हिशोबात नीट बसत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो सायरस लेकींना नर समजण्यात. पंख सारखेच, त्यामुळे पंखांवर जाऊन मोजणी केली की नरांची संख्या फुगते आणि साध्या लेकी गायब होतात. कोशातच लिंग बघून घ्यावं. भिंगाखाली पोटाच्या टोकाची खालची बाजू बघायची: मादीत आठव्या वलयावर बारीक चीर असते, नरात नवव्या वलयावर दोन छोटे उंचवटे. प्रत्येक कोशाला क्रमांक द्यावा आणि फुलपाखरू निघाल्यावर रूप त्या क्रमांकापुढे लिहावं.

संगोपन अवघड नाही. साधारण २७ ते ३० अंशांत अंडं तीन-चार दिवसांत फुटतं, अळी दोन ते तीन आठवडे खाते, कोश दहा-बारा दिवस. मे महिन्यात भुसावळकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा पत्र्याच्या खोलीत हे सगळं मरतं, म्हणून जुलै ते ऑक्टोबर हा काळ धरावा. डब्यावर मलमलीचं कापड बांधावं, प्लॅस्टिकचं घट्ट झाकण लावू नये. आत पाणी सुटलं की विष्ठेला बुरशी येते आणि अळ्या काळ्या पडून मऊ होऊन लोंबतात. अशी एक जरी दिसली तरी डबा ब्लीचच्या पाण्यानं धुऊन बाकीच्या वेगळ्या कराव्यात. पाल्याची डहाळी छोट्या बाटलीत ठेवून तोंडाशी कापूस कोंबावा, नाहीतर अळ्या पाण्यात उतरून बुडतात. तळाला वर्तमानपत्र, रोज बदलायचं.

पाला कुठून आणता याला फार महत्त्व आहे. मोसंबी-लिंबाच्या बागांत आणि रोपवाटिकेत आंतरप्रवाही कीटकनाशकं वापरतात. ती पानाच्या आत असतात, धुऊन जात नाहीत. रोपवाटिकेतून आणलेल्या नव्या कुंडीचा पाला लगेच वापरला की दोन दिवसांत सगळ्या अळ्या आचके देऊन मरतात, आणि दोष रोगाला दिला जातो.

शेवटच्या टप्प्यात अळी पातळ विष्ठा टाकते आणि फिरत सुटते. तेव्हा आत उभ्या काड्या हव्यात. कोश झाल्यावर तो ताजा, मऊ असतानाच चिमुकल्या परजीवी माश्या त्यात अंडी घालतात, आणि नंतर एका कोशाला बारीक भोक पडून डझनावारी माश्या निघतात. कापड बारीक विणीचं असेल तर हे टळतं. फुलपाखरू निघताना पंख खाली मोकळे लोंबतील इतकी जागा नसेल तर ते चुरगळलेलेच वाळतात.

निघायच्या आदल्या दोन दिवसांत कोशाकडे लक्ष ठेवावं. कवच पारदर्शक होत जातं आणि पंख आतून दिसू लागतात. फिकट पिवळसर ठिपके आधी उमटलेले असतात, भोवतालचा काळा रंग शेवटी चढतो. काळ्या खवल्यांची विकरं उशिरा सुरू होतात, एवढंच त्यामागचं कारण. पण रंग कुठे यावा याबरोबर कधी यावा हेही वॉल्व्ह ठरवतो, हे नुसत्या डोळ्यांनी बघायची ही एकमेव सोयीची संधी आहे.

काळा पतंग आणि चुकीचा आरोपी

रंग आणि उत्क्रांती म्हटलं की पाठ्यपुस्तकात इंग्लंडचा मिरपूड पतंग येतो. पांढऱ्यावर काळे शिंतोडे असलेला हा पतंग. १८४८ मध्ये मँचेस्टरला त्याचा पूर्ण काळा नमुना नोंदवला गेला, आणि शतक संपताना तिथले जवळपास सगळे पतंग काळे होते. काजळीनं काळ्या झालेल्या झाडांवर पांढरा पतंग पक्ष्यांना पटकन दिसायचा. १९२४ मध्ये ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी गणित मांडलं की एवढ्या वेगानं हा बदल व्हायला काळ्या पतंगांची पिल्लं पांढऱ्यांच्या दीडपट जगली पाहिजेत. हेच हाल्डेन पुढं १९५७ ला भारतात आले आणि भारतीय नागरिक झाले.

डीएनएत नेमकं काय बदललं ते मात्र २०१६ मध्ये समजलं. जागा बदलत फिरणारा सुमारे २२ हजार अक्षरांचा एक डीएनए तुकडा कॉर्टेक्स नावाच्या जनुकाच्या आत घुसला होता, बहुधा १८१९ च्या आसपास. अमेरिकेतल्या हेलिकोनियस फुलपाखरांचे पिवळे-काळे पट्टेही याच भागातून ठरत असल्याचं दिसलं होतं. त्यामुळे कॉर्टेक्स हेच ते जनुक, असं सगळ्यांनी धरून घेतलं. २०२४ मध्ये ते फिरलं. त्याच भागातून आयव्हरी नावाचा एक लांबलचक आरएनए निघतो, ज्यातून प्रथिन बनतच नाही. तो काढून टाकला की काळे खवले फिकट पडतात. त्याच वर्षी सिंगापूरच्या गटानं आणखी पुढं जाऊन दाखवलं की त्या लांब आरएनएतून कापून निघणारा एक अगदी तोकडा सूक्ष्म-आरएनए, मिर-१९३, हा खरा कर्ता. असे सूक्ष्म-आरएनए जेमतेम बावीस अक्षरांचे असतात. कॉर्टेक्स बिचारं शेजारी राहत होतं म्हणून आठ वर्षं आरोपी ठरलं. नकाशावर जवळ असणं हा पुरावा नव्हे, हे या क्षेत्रात वारंवार विसरलं जातं.

हे तपासायची आजची रीत म्हणजे क्रिस्पर, डीएनए हव्या त्या जागी कापायचं तंत्र. अंडं घातल्यापासून काही तासांच्या आत काचेच्या सुईनं त्यात कापणारं प्रथिन आणि वाट दाखवणारा आरएनए टोचतात. उशीर झाला की काही पेशींतच बदल होतो आणि पंखावर ठिगळं दिसतात. गंमत म्हणजे ठिगळंच जास्त कामाची: एकाच पंखावर बिघडलेली आणि शाबूत जागा शेजारी शेजारी बघायला मिळते. ऑप्टिक्स हे जनुक अशा रीतीनं काढल्यावर हेलिकोनियसचे लाल पट्टे काळे झाले, आणि बकआय या अमेरिकन पॅन्सीच्या पंखावर चक्क निळी झाक उमटली.

अळीचा रंग फसवतो

पुन्हा लिंबावर येऊ. मॉर्मनची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी, काळपट-पांढरी. शेवटची कात टाकली की तीच अळी हिरवी. जनुकं तीच आहेत; मधे फक्त बालसंप्रेरकाची, म्हणजे अळीचं लहानपण टिकवणाऱ्या संप्रेरकाची, पातळी उतरली. आशियातल्या जवळच्या एका जातीत हे बारकाईनं मोजलंय. चौथ्या अवस्थेच्या पहिल्या वीसेक तासांत संप्रेरक वरून लावत राहिलं तर पाचव्या अवस्थेतही अळी विष्ठेच्याच वेषात राहते. हिरवा रंग हे एक द्रव्य नसून दोन द्रव्यांची बेरीज आहे: पानातून आलेलं पिवळं कॅरोटिनॉइड आणि अळीनं स्वतः बनवलेलं निळं द्रव्य. कॅरोटिनॉइड नसलेल्या कृत्रिम खाद्यावर वाढवलेली तंबाखूवरची हॉर्नवर्म अळी निळसर होते. कोशाचंही तसंच. गुळगुळीत हिरव्या डहाळीवर तो बहुधा हिरवा, खरबरीत भिंतीवर किंवा वाळक्या काडीवर तपकिरी.

शेतात याचा थेट उपयोग आहे. हरभऱ्यावरची घाटेअळी आणि कापसावरची अमेरिकन बोंडअळी ही एकच जात. ती हिरवी, तपकिरी, पिवळट, गुलाबीसर अशी कुठल्याही रंगात सापडते. त्यामुळे गुलाबीसर अळी दिसली की ती गुलाबी बोंडअळीच, असं धरून फवारणी ठरवू नये. गुलाबी बोंडअळी लहानपणी पांढरट असते आणि गुलाबी छटा मोठेपणी येते, म्हणजे रंग येईपर्यंत ती बोंडात कधीच शिरलेली असते. मक्यावर २०१८ नंतर आलेल्या अमेरिकन लष्करी अळीचा रंगही बदलता. तिला ओळखायचं ते डोक्यावरच्या उलट्या इंग्रजी वाय अक्षरावरून आणि शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या वलयावर चौकोनात बसलेल्या चार काळ्या ठिपक्यांवरून. काही लष्करी अळ्या दाटीवाटीनं वाढल्या तर काळ्या पडतात, विरळ असतील तर फिकट राहतात. हाही जनुकांचा फरक नव्हे. रंग परिस्थितीनुसार हलतो, ठिपक्यांची मांडणी सहसा हलत नाही.

ऋतू बदलला की

संध्याकाळी दिव्याखाली येणारं इव्हनिंग ब्राउन हे तपकिरी फुलपाखरू ऑगस्टमध्ये पकडून बघा: पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारख्या वर्तुळांची ओळ. डिसेंबरमधलं बघा: वर्तुळं जवळजवळ पुसलेली आणि पंख वाळक्या पानासारखा. पीकॉक पॅन्सीतही तेच, तिथं तर पंखाचं टोकही पानाच्या देठासारखं बाहेर येतं. आफ्रिकेतल्या एका नातलग जातीवरच्या प्रयोगांत शेवटच्या अवस्थेतल्या अळ्या २७ अंशांत वाढवल्या तर पावसाळी रूप निघालं, २० च्या खाली कोरडं. गारव्यात कात-संप्रेरकाची लाट उशिरा येते, आणि डोळ्यांची वर्तुळं रंगवणाऱ्या पेशी त्या लाटेच्या वेळेवर चालतात. बकआयमध्ये हाच ऋतूचा फरक अंशतः आयव्हरीच्या भागातून जातो, असं २०२४ मध्ये दिसलं. म्हणजे इंग्लंडमधल्या पतंगाला कायमचं काळं करणारा आणि फुलपाखराचा ऋतूप्रमाणे रंग बदलणारा वॉल्व्ह एकच निघाला.

यावल अभयारण्यात किंवा तोरणमाळला फुलपाखरांचे फोटो काढणारे बहुतेक जण पसरलेल्या पंखांची वरची बाजू टिपतात. ऋतुरूप ओळखायला खालची बाजू लागते, आणि तारीख लागते. मॉर्मन असेल तर मादीचं रूप आणि जवळपास रोझ फुलपाखरं होती का, हेही लिहावं. क्रिमझन रोझ आणि डॅनेइड एगफ्लाय या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत नाव असलेल्या जाती आहेत. त्या पकडायच्या नाहीत, आणि अभयारण्यातून अंडं किंवा अळीही आणायची नाही. लेकी मोजायला परसातलं लिंबू पुरेसं आहे.